काढलंय, फेकलं नाय

"काढलंय, फेकलं नाय," असं म्हणून ताई चष्मा डोक्यावर सरकवायच्या. बोईसरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कुणाचं काम रद्द झालं, तोंड उतरलं, की हे वाक्य ठरलेलं. ताई आमच्यातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. माहेर जवळच्याच पाम गावचं, यजमान वीज प्रकल्पात. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल, जिच्या टेबलाशी गेलं की निम्मी काळजी उतरते.

तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यातून टँकर बाहेर पडताना मिळणारी गेट पावती आमच्या प्रोग्राममधून निघायची. टँकरमधलं रसायन अंगावर सांडलं तर काय करायचं, तेही त्यावर असे, पण इंग्रजीत. ड्रायव्हर न वाचताच ती खिशात कोंबत. ताई हट्टाला पेटल्या. साहेबांच्या मागे लागून, कित्येक आठवडे खपून त्यांनी पावती हिंदीत आणली.

पहिल्याच सकाळी प्रिंटरमधून अक्षरांऐवजी नुसते चौकोन निघाले. टँकर खोळंबले, कारखान्याचा मॅनेजर फोनवर ओरडू लागला. ताईंनी आपला अख्खा बदल मागे घेतला. इंग्रजी पावत्या सुरू झाल्या, रांग हलली.

"ताई, एवढी मेहनत गेली?" मी विचारलं.

"जाते कुठं? कॉम्प्युटरात आतच हाय. काढलंय, फेकलं नाय. चल, गेटवर जाऊ."

तिथे पाहिलं, तर प्रिंटरला देवनागरी येतच नव्हती. मग पावतीचं चित्र करून छापायचं ठरलं. परतल्यावर ताईंचा काढलेला बदल मी पुन्हा जोडायला घेतला, तर कॉम्प्युटर म्हणे, जोडण्यासारखं नवीन काहीच नाही! मी ताईंना हाक मारली.

ताई खो खो हसल्या. "अरे, त्याच्या लेखी ते एकदा आलंय. नंतर आपणच काढलं ना? मग आता ते काढणंच रद्द कर!"

तसं केलं आणि सगळं काम जसंच्या तसं परत आलं. त्यावर ताईंनी चित्राची युक्ती बसवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर उभे होतो. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने पावतीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "त्वचा पर गिरे तो तुरंत पानी से धोएँ." मग वर बघत म्हणाला, "इतने साल से ढो रहा हूँ. ये चमड़ी जलाता है?"

"हाँ, चाचा," ताई म्हणाल्या. ओढणीने डोळे पुसत राहिल्या.

पुढे यजमानांची बदली झाली आणि ताई दूर गेल्या. परवा गेटवर तोच ड्रायव्हर दिसला. माझ्यामागे कुणी येतंय का पाहत म्हणाला, "मैडम?"

त्या आता इथे नसतात, असं मी सांगितलं. मग टँकरच्या केबिनच्या पायरीशी दोरीने बांधलेला पाण्याचा कॅन त्याने हाताने थोपटला.

"फोन पे बोल देना. रोज़ भरता हूँ."