पूजेतली कात्री

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाडीच्या किल्लीला चंदन लावलं की त्या वासासरशी मी तंजावूरच्या लहानपणच्या घरात जाते. गावात नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या, आमची मात्र जुनीच, सदा गॅरेजात पडलेली. एका वर्षी पूजेच्या सकाळी ती एकदाची दुरुस्त होऊन आली. शिंप्याकडे पुन्हापुन्हा नेऊनही बाही घट्टच राहिलेला ब्लाउज अक्कानं वैतागून तसाच घातला. किल्ली आणि कात्री आईनं पूजेत मांडल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आई त्या दिवशी सुईसुद्धा उचलू देत नसे.

दुपारी अक्काच्या दंडाला गांधीलमाश्या डसल्या. हात सुजून बाही रुतली, बोटं निळी पडली. अप्पा कात्रीसाठी धावले आणि देवासमोर थबकले. "पूजेतली आहे," ते पुटपुटले.

आईनं कात्री उचलून बाही कापली. कुंकवानं माखलेली किल्ली अप्पांच्या हातात दिली. "गाडी काढा."

गांधीलमाश्यांपेक्षा मला आईचीच भीती वाटली.

दवाखान्यातून आल्यावर तिनं दोन्ही जागेवर ठेवून नवं कुंकू लावलं. शेजारणीला म्हणाली, "पूजा यथासांग झाली."

मीही किल्ली पूजेत ठेवते. पण कडेला, पटकन हाताशी येईल अशी.