ओसरीवरची साखळी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरात संडास जिन्याखाली होता. दुसरी जागाच नव्हती. आत वाकून बसायचं आणि वाकूनच उठायचं. फ्लशची लोखंडी टाकी तिथे मावेना, म्हणून बाबांनी ती भिंतीच्या अलीकडे, ओसरीत उंच बसवली आणि पाइप भिंतीतून आत नेला. साखळी अर्थातच ओसरीत लोंबायची. आतल्याने आवाज द्यायचा, "ओढ!" आणि बाहेर जो असेल त्याने ओढायची. बाबा राईस मिलमध्ये फिटर. या जुगाडाचा त्यांना फार अभिमान. पाहुण्यांना आधी टाकी दाखवत, मग पाणी विचारत.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते, घरातली पहिलीच. त्यासाठी बाबांनी भावकीचे टोमणे सोसले होते. "इतक्या शिकलेल्या पोरीले पोरगा कोठून आणशीन?" त्यामुळे मलाजखंडहून खाणीत नोकरी करणारा मुलगा पाहायला येणार होता, तेव्हा परीक्षा माझ्याइतकीच बाबांचीही होती. मी आईला साखळीवर टॉवेल टाकायला लावला.

मुलगा आणि त्याची आई आली. घर मराठी, पण मुलगा हिंदीतच वाढलेला. मराठी त्याला अर्धीमुर्धीच कळायची. त्याच्या आईला माझी आई स्वयंपाकघरात घेऊन गेली. काळजीने बाबांचं पोट सकाळपासून बिघडलेलं. ते हळूच जिन्याखाली गेले. ओसरीत खाटेवर मुलगा एकटा उरला.

"ओढ व!" बाबांनी सवयीने आईला हाक दिली. "ओढ नं! कोणी हाय का तिकडे?"

मी पोह्यांची थाळी घेऊन बाहेर आले, तर भर मे महिन्यात तो खाटेवरची नवी चादर अंगाभोवती लपेटून, घामाघूम होऊन बसलेला. हिंदीत 'ओढ़ना' म्हणजे अंगावर पांघरणं.

"ओढलं का?" आतून आवाज आला.

"जी, ओढ़ लिया."

"मंग पाणी काहून नाही येऊन राह्यलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थाळी खाली ठेवली, टॉवेल बाजूला केला आणि साखळी ओढली. भिंतीपलीकडे धो धो पाणी पडलं. बाबा बाहेर आले ते खाली मान घालूनच. मुलगा चादरीची घडी घालू लागला.

एवढ्यावर भागलं असतं. पण निघताना त्याच्या आईने जिन्याखालची वाट विचारली. माझ्या आईने त्यांच्या कानात तिथली रीत सांगितली आणि साखळी धरून उभी राहिली. आम्ही बाकीचे उकाड्याबद्दल मोठमोठ्याने बोलत राहिलो. आतून हाक येईना. उकाड्याचं बोलणंही संपलं. मला वाटलं, ही बाई आता बाहेर येईल ती थेट बसस्टँडवरच जाईल.

"ओढा नं, इहीनबाई! किती वेळ बसवता?"

ठरायच्या आधीच त्यांनी आईला विहीण करून टाकलं होतं. मुलगा हसला. आई साखळी सोडून डोळे पुसू लागली, तेव्हा आतून पुन्हा ओरडावं लागलं. बाबाही हसले, पण हसताना माझ्याकडे पाहत होते, मी हसते का ते. आनंद मलाही झाला होता, पण साखळीवर टॉवेल मीच टाकायला लावला होता, मान वर होईना. मी थाळ्या उचलून आत गेले.