गणपतीच्या सोंडेपासून उजवीकडे

मी आखलेली सहल आणि प्रत्यक्षात झालेली सहल यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. आखली होती ती अशी: यवतमाळ, कळंब, वणी, जुनी देवळं बघायची, चित्रं काढायची आणि भूक लागली की त्या त्या गावचं काहीतरी खायचं. झाली ती अशी की खायचं, खायचं आणि खायचंच. वेळ उरला तर देऊळ.

जाण्याचं खरं कारण मात्र एकच होतं. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी ते यवतमाळला माझ्या आत्याकडे गेले असताना, मारेगावच्या पुढच्या एका लहानशा गावात त्यांनी देवळाच्या गाभाऱ्याची कोरीव दगडी चौकट कागदावर उतरवायला घेतली. डावी बाजू झाली, वरच्या गणपतीच्या सोंडेपर्यंत पेन्सिल आली आणि तिथेच थांबली. का थांबली विचारलं, तर "एस्टीची वेळ झाली" एवढंच ते सांगत. ते अर्धं चित्र नाशिकच्या आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून भिंतीवर आहे. आता बाबांचा हात थरथरतो, प्रवास तर झेपतच नाही. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "उजवी बाजू तू काढून आण. मला ती एकदा पुरी बघायची आहे." मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि बजावलं, "आणि हे बघ, आधी कुणाला कळवू नकोस."

मी फक्त सुधाकरदादाला कळवलं. हा माझा आतेभाऊ. गाडी त्याचीच होती, न कळवून कसं चालेल? धामणगाव स्टेशनवर तो न्यायला आला आणि माझी बॅग डिकीत टाकता टाकता म्हणाला, "काही फिकर करू नको. म्या सगळीकडे फोन करून ठेवला."

इथेच माझ्या सहलीचे बारा वाजले होते. मला ते कळायला थोडा वेळ लागला, इतकंच.

यवतमाळात जुन्या बाजारातली लाकडी सज्ज्यांची घरं सकाळच्या उन्हात बघायची होती. पण वहिनींनी सांबारवड्या तळायला घेतल्या (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). वड्या अशा खुसखुशीत की मी नको नको म्हणत खात राहिले. घरं बघायला निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि अर्धे सज्जे दुकानांच्या फ्लेक्समागे गेले होते.

कळंबला गणपतीचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरत खाली जावं, तशी गार हवा अंगाला लागते. मी खूश होऊन पायरीवर बसले, वही उघडली आणि दादाचा फोन वाजला. त्याच्या व्याह्यांचा. "चाल वं, रस्सा थंडा होऊन राह्यला म्हणते!" बेसनाच्या पाटवड्या, वर लालभडक रस्सा. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचं की वैतागाचं, मलाच सांगता येईना.

राळेगावकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस फुटला होता. कमरेला ओटी बांधलेल्या बाया वेचत होत्या. इथे तरी कुणी ओळखीचं नसेल, अशी माझी भाबडी आशा. गाडी शेताकडे वळली. तिथे दादाच्या मित्राच्या घरचे गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत बसले होते. माझं पोट तटतटलेलं. मी उठू लागले तशी मित्राची आई म्हणाली, "जेवल्याबिगर जाता काय? असं कुठी असते काय बाई?" आणि रोडग्यावर तुपाची धार सोडली.

गाडीत बसल्यावर माझा बांध फुटला. "दादा, मी चित्र काढायला आलेय, जेवणावळी उठवायला नाही!"

"काहून चिडून राह्यली? लोकायले आनंद होते."

"त्या देवळाच्या गावात तरी फोन केला नाहीस ना?"

"थिथं तर सगळ्यात आधी केला," तो अभिमानाने म्हणाला.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. उगाच तुम्ही फोन करून जाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचलो. देवळासमोर सडा, रांगोळी, खुर्च्या मांडलेल्या. तुरीच्या शेताला लागून ते काळ्या दगडाचं छोटं हेमाडपंती देऊळ बाहेरून अगदी बाबा सांगायचे तसं होतं. मी चपला काढल्या, आत गेले आणि जागीच उभी राहिले.

चौकट गुलाबी होती. ऑइल पेंट! वेली पोपटी, हंस पांढरे, गणपती चंदेरी. इतका दाट रंग की कोरीवकाम आत बुजून गेलेलं. हंसांची बदकं झाली होती.

"हात लावू नका, वल्ला हाय!" मागून आवाज आला. गावच्या अनुसयाबाई, हातात चहाचा ट्रे. "पोरायनं रात्रीपर्यंत रंगवलं. नाशिकचे पाहुणे आपली चौकट पाहाले येऊन राह्यले म्हणल्यावर तशीच काळी ठेवाची काय? बरी नाही दिसत."

मला ओरडावंसं वाटलं. खाली बसून रडावंसंही वाटलं. इतकी शतकं तिला कुणी हात लावला नव्हता, आणि रंग लागला तो माझ्यामुळे! दारात सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत उभं. अनुसयाबाईंनी विचारलं, "कशी दिसून राह्यली, ताई?"

"छान," मी म्हणाले. "छान झालंय."

मग बसून उजवी बाजू काढली. जशी दिसली तशी, बदकांसकट. बाहीला गुलाबी रंग लागला तो अजून निघालेला नाही. आणि हो, जेवणही होतंच.

वणी म्हणजे राजूरकडून येणारे कोळशाचे ट्रक आणि लॉजवरची झोप. बाकी काही बघायची इच्छाच उरली नव्हती.

नाशिकला परतले. बाबांनी भिंतीवरचं अर्धं चित्र उतरवलं आणि माझा कागद त्याच्या उजवीकडे लावला. मी सगळं सांगून टाकलं: फोन, रंग, बदकं. ऐकून बाबा म्हणाले, "तुला म्हटलं होतं ना, कळवू नकोस म्हणून."

"तुम्हाला काय माहीत, असं होणार म्हणून?"

"सुधाकरच्या वडिलांनी तेव्हा निरोप धाडला होता. चित्रकार येतोय म्हणून गावाने राजूरच्या भट्टीतला ताजा चुना आणला. मी पोचलो तेव्हा काम सुरूच होतं. ते उजवीकडून चुना लावत येत होते, मी डावीकडून काढत निघालो. गणपतीपाशी आमची गाठ पडली."

"म्हणजे एस्टी..."

"एस्टी संध्याकाळी होती."

"मग त्यांना थांबवलं का नाही, बाबा?"

"माझ्यासाठीच लावत होते गं. आणि चुना काय, काही वर्षांनी झडतोच." त्यांनी बदकांवरून बोट फिरवलं. "तुला विचारलं असेल ना, कशी दिसते म्हणून? काय म्हणालीस?"

"छान झालंय म्हणाले."

"हं," बाबा म्हणाले. "मीही तेच म्हणालो होतो."