भिंत चाखणारी मोठी आई

आमची मोठी आई घर चाखून बघायची. यात अतिशयोक्ती नाही. कुणी तिला विकतचं घर दाखवायला नेलं की ती आधी सगळ्या खोल्या हिंडायची, खिडक्यांच्या कड्या वाजवायची, विहिरीत डोकावायची, आणि सगळ्यात शेवटी एखाद्या कोपऱ्यातली भिंत पदरानं पुसून तिला जिभेचं टोक लावायची. मग डोळे मिटून उभी राहायची. घरमालक आधी हसायचा, मग गोंधळायचा, आणि मग निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरासारखा दिसायला लागायचा. "गोड आहे," असं ती म्हणाली की सगळे सुटल्यासारखे बोलू लागत. आणि हे सगळं कुठं, तर नागपुरात, जिथून समुद्र गाठायचा तर आगगाडीत एक अख्खी रात्र घालवावी लागते आणि सकाळी पुन्हा दुसरी गाडी शोधावी लागते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा काटोलकडचे, टपालाच्या डब्यात नोकरीला. रात्रभर चालत्या गाडीत पत्रं वाटून लावायची आणि दिवसा कुठल्या तरी स्टेशनवर झोपायचं, असा त्यांचा जन्म गेला. पाणी म्हणजे त्यांना विहीर ठाऊक, फार तर अंबाझरीचा तलाव. मोठी आई मात्र दापोलीच्या खालच्या किनाऱ्यावरची. तिचे एक मामा नागपूरला नोकरीला होते, त्यांनी हे स्थळ जुळवलं. लग्न होऊन ती धरमपेठेतल्या भाड्याच्या खोल्यांत आली ती ऐन वैशाखात. पहिले काही दिवस ती सारखी खिडकीशी जाऊन उभी राहायची म्हणे. मोठ्या बाबांनी विचारलं, "काय पाहून राहिली वं?" ती म्हणाली, "वारा कुठून येतो ते बघत्ये." मोठे बाबा म्हणाले, "वारा नाही वं तो, लू आहे. लाव खिडकी." आपला संसार असा खिडकी लावून सुरू झाला, हे ती आम्हाला हसत हसत सांगायची.

भिंत चाखायचं तिला तिच्या घरानंच शिकवलं होतं. ती लहान असताना तिच्या वडिलांनी गावातच एक नवं बांधलेलं घर घेतलं. गवंड्यानं नदीची वाळू आणायचा कंटाळा केला होता आणि समोरच्या पुळणीवरची वाळू गिलाव्यात घातली होती. दिसायला वाळू ती वाळूच. पण समुद्राच्या वाळूतलं मीठ मरत नाही. आषाढ लागला की त्या घराच्या भिंती घामेजायच्या, चुन्याचे पोपडे पडायचे, खिळे गंजून फुगायचे आणि अंथरुणं ओली लागायची. तिच्या आईला तिथंच दमा जडला आणि त्यातच ती गेली. "माणूस लपवतो, मीठ लपत नाही," हे मोठ्या आईचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ती ते म्हणायची तेव्हा आम्ही थट्टा करत नसू.

एरवी मात्र थट्टेला तोटा नव्हता. नागपूरची वाळू कन्हान नदीची, तिला मिठाचा वारा कुठून लागणार? पण मोठी आई ऐकायची नाही. एकदा जरीपटक्याच्या वस्तीत आमच्या ओळखीच्या एकांसाठी ती घर बघायला गेली. घराचे मालक म्हातारे सिंधी गृहस्थ होते, कापडाचे व्यापारी. तिनं भिंतीला जीभ लावली, पण ते हसले नाहीत. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "बहनजी, कराची में मेरी माँ भी ऐसे ही देखती थी." मग काय, घर बाजूला राहिलं. ती दोघं ओसरीवर बसली आणि समुद्रावर बोलू लागली. मोठ्या आईचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं कान धरावे, पण त्या दिवशी ते कुठं अडलं नाही. सांज होईस्तोवर बोलणं चाललं आणि ज्यांच्यासाठी घर बघायचं होतं ते बिचारे चहावर चहा पीत राहिले.

तिचं कधी चुकत नसे असं मात्र नाही. उलट तिची सगळ्यात मोठी चूक आम्ही पुढं जन्मभर राहायला घेतली. माझ्या वडिलांनी नागपूरबाहेर बेसा गावाच्या वाटेवर एक बैठं घर पसंत केलं. तेव्हा तिकडं सगळी शेतंच होती. मोठ्या आईनं घर उलटंपालटं करून बघितलं, भिंत चाखली आणि म्हणाली, "डोळे मिटून घ्या, भावजी." वडिलांनी डोळे मिटून घेतलं. घर होतं काळ्या मातीवर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं, पण किनाऱ्यावरच्या बाईला कसं कळणार? पहिल्याच एप्रिलमध्ये बैठकीच्या भिंतीला अशी भेग पडली की पलीकडच्या खोलीतला उजेड दिसू लागला. पाऊस आला की भेग आपोआप मिटायची. वडील म्हणायचे, "वहिनी, भिंत गोड आहे, काही वाद नाही. पण दोन आहेत." मोठी आई आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नंतर स्वतःच त्या भेगेत उदबत्ती खोचायला लागली.

तिची आणखी एक परीक्षा होती आणि ती मला जास्त आवडायची. घर घेण्याआधी त्यात एक दुपारची झोप काढून बघायची. "रात्री दमलेला माणूस कुठंही झोपतो गो. दुपारी जे घर झोपवतं ते आपलं," असं ती म्हणायची. चटई काखोटीला मारून ती लोकांच्या रिकाम्या घरात जाऊन खुशाल आडवी व्हायची. तिच्या स्वतःच्या दुपारीही बघण्यासारख्या असत. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर मारलेलं पाणी, खोलीत हिरवट अंधार. पुढं कूलर आला. त्याची घरघर सुरू झाली की मोठी आई त्याच्यासमोर पाठ टेकून बसायची आणि डोळे मिटून बोलू लागायची. आता भरती लागली असेल. आता खेकडे बिळात गेले असतील. आता माडाच्या झावळ्या एका बाजूला झाल्या असतील. आम्ही भावंडं फरशीवर पडून ऐकायचो आणि झोपेत कधी शिरलो ते कळायचं नाही. बाहेर नागपूर भाजून निघत असे आणि आत आमच्या पायांशी पाणी येऊन परत जात असे. मी समुद्र पुष्कळ वर्षांनी पाहिला, पण ओळख तेव्हाच झाली होती.

तिची एकच इच्छा होती, आणि ती तिनं कधी लपवली नाही. मोठे बाबा रिटायर झाले की किनाऱ्यावर एक छोटं घर घ्यायचं आणि शेवट तिथं काढायचा. मोठ्या बाबांनी तिला तसा शब्द दिला होता. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी ते रिटायर झाले आणि तिच्या माहेरच्या गावाशेजारच्या गावात एक घर विकाऊ असल्याचं कळलं. मालकाची मुलं मुंबईत, घर रिकामं. "चार दिवस राहून बघा, मग ठरवा," असं मालकानं सांगितलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, दिवाळीची सुट्टी होती, म्हणून त्यांच्याबरोबर गेले.

घर असं होतं की बघताक्षणी आपलंच वाटावं. जांभ्या दगडाचं जोतं, वर कौलं, पुढं पडवी, परसात माड, आणि पडवीतून दिसणारा समुद्र. मोठी आई अंगणात पाऊल ठेवताच बदलली. नागपुरात ती जराशी वाकून चालायची, इथं ताठ झाली. पण भुलली नाही. बिजागऱ्या गंजून फुगल्यात का ते बघितलं. समुद्राच्या अंगची कौलं कधी बदललीत ते विचारलं. विहिरीचं पाणी तोंडात घोळवलं. शेजारणीला गाठून, आषाढातल्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते तिच्याकडून जागेवर पाय ठेवून दाखवून घेतलं. मोठ्या बाबांनीही आपल्या परीनं तपासणी केली. काठीनं माती उकरून काळी नाही ना ते पाहिलं आणि शेजारणीच्या नवऱ्याला विचारलं, "इथं कूलर कोण्या खिडकीत लावाचा, भाऊ?" त्यानं भाबडेपणानं विचारलं, "कूलर म्हंजे?" मोठी आई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मोठे बाबा मला एकटे भेटले. डोळे लालभडक. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन रात्री झाल्या, डोयाले डोया नाही लागला." मला खरं वाटेना. इंजिनाशेजारी घोरणारा हा माणूस. ते म्हणाले, "गाडीच्या आवाजाले ठेसन असते वं. येते, थांबते, जाते. याले ठेसनच नाही. रातभर आपला चालूनच राहिला." मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "तुह्या मोठ्या आईले सांगू नको. होईन सवय." चहाला मोठ्या आईनं विचारलं, "झोप लागली का हो?" ते म्हणाले, "एकदम मस्त." तिनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कप उचलून आत गेली.

शेवटच्या दिवशी दुपारची परीक्षा झाली. तिनं माजघरात सतरंजी घातली आणि पहिल्यांदाच मोठ्या बाबांनाही शेजारी आडवं व्हायला लावलं. मी पडवीत बसले होते. पुष्कळ वेळ आतून आवाज आला नाही. मी डोकावले. मोठे बाबा डोळे घट्ट मिटून, काठीसारखे ताठ पडले होते, कपाळावर आठी. मोठी आई कुशीवर वळून, उशाशी हात घेऊन, नुसती त्यांच्याकडे बघत होती. बाहेर भरती लागली होती, झावळ्या एका बाजूला झाल्या होत्या, तिनं आम्हाला सांगितलं होतं अगदी तसं सगळं चाललं होतं, आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग ती उठली. कोपऱ्यात गेली, पदरानं भिंत पुसली, जीभ लावली. या वेळी डोळे मिटले नाहीत. वळून म्हणाली, "खारट आहे. नको."

मोठे बाबा ताडकन उठून बसले. "अवं, पण घर त किती चांगलं आहे."

"चांगलं आहे. पण भिंत खारट आहे. मला माझ्या आईसारखं मरायचं नाही," ती म्हणाली आणि चटकन सामानाकडे वळली. तीस वर्षं जे घर तिनं आमच्या डोळ्यांसमोर उभं केलं होतं ते एका शब्दात आडवं झालं. मला रडू आलं. ती मात्र लुगड्यांच्या घड्या घालत होती आणि मला म्हणत होती, "उचल गो ती पिशवी, एस. टी. चुकेल."

परतीच्या गाडीत मोठे बाबा टेकल्या टेकल्या घोरायला लागले. मोठी आई त्यांच्या समोरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, कसे झोपलेत." इतकं समाधान मी तिच्या तोंडावर त्या घराच्या अंगणातही पाहिलं नव्हतं. पुढं त्यांनी आमच्या शेजारीच एक घर घेतलं, त्याच काळ्या मातीवरचं. तिनं तिथं भिंत चाखली नाही. म्हणाली, "भेग पडेल तर पडो, तेवढाच वारा येईल."

त्या घरात ती बरीच वर्षं राहिली आणि एका श्रावणात, चार दिवसांच्या तापानं गेली. तिच्यामागं माझ्या उन्हाळ्यातल्या दुपारी कोरड्या झाल्या, त्या अजून तशाच आहेत. तेराव्यानंतर मी मोठ्या बाबांपाशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मोठे बाबा, ती भिंत खारट निघाली नसती तर तिचे शेवटचे दिवस समुद्रावर गेले असते."

"खारट नव्हती," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"तुम्ही सामान बांधून राहिल्या होत्या तवा मी चाटली. जलमात एकदाच. काहीच नव्हतं वं तिच्यात. साधा चुना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? मी झोपून नाही राहिलो हे तिले समजलं होतं. भिंतीबद्दल ती बाई कधी कोणाशी खोटं बोलली नाही, ते माह्यासाठी बोलली. आता मी तिले खोटं पाडू का?"

मी म्हणाले, "पण गाडीत तरी तुम्हाला झोप लागली. तिला किती बरं वाटलं होतं. केवढे घोरत होतात."

मोठे बाबा म्हणाले, "अशा वक्ती झोप येते का कोणाले? तिले बरं वाटावं म्हणून घोरलो. नागपूर येईपर्यंत घोरलो."