पाणमांजरांसाठी मी रडले त्याची गोष्ट

फजिती सांगते, पण आधी माझा मोठेपणा ऐकून घ्या. नाहीतर मी किती उंचावरून पडले ते तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या कमरीपेठेत कुणालाही विचारा, सरकारी कचेरीत रडावं तर शालनअक्कानं. नळ आठ-आठ दिवस कोरडा राहिला की गल्लीतल्या बायका मलाच पुढे घालतात. मी साहेबाच्या टेबलापुढे उभी राहते, पदर डोळ्याला लावते आणि घरात म्हातारी सासू पाण्यावाचून तळमळतेय म्हणून सांगते. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण साहेबाला काय माहीत? संध्याकाळी नळाला पाणी. कोपऱ्यावरचा दिवासुद्धा मी रडूनच आणलाय.

तर एकदा माझ्या धाकट्या भावाचा, परशूचा फोन आला. आमचं माहेर अळनावरजवळ. गावच्या ओढ्यात पाणमांजरं आहेत, कन्नडात नीरनायी म्हणतात ती. ओढ्यातली वाळू उपसायला माणसं येऊ लागली होती, आणि काठ ढासळला की त्यांची बिळंही जाणार होती. धारवाडची एक संस्था अशा जनावरांसाठी राखणदार ठेवते, वनखात्याकडे खटपट करते. पण यंदा त्यांना एकच जागा झेपणार होती. एकतर आमची पाणमांजरं, नाहीतर दुसऱ्या एका गावच्या माळावरचे लांडगे. दोन्हीकडच्या माणसांनी येऊन बोलायचं होतं.

परशू म्हणाला, "अक्का, मला चारचौघांत बोलता येत नाही. गावानं तुझंच नाव काढलंय."

आता सांगा, माहेरच्या गावानं नाव काढल्यावर बाई जमिनीवर राहते का?

धारवाडला सुभाष रोडवर एका दुकानाच्या माडीवर बैठक होती. आधी लांडग्यांकडचे मास्तर उठले. म्हणाले, लांडगे थोडे आहेत पण टिकून आहेत, यंदा पिल्लं झालीत, धनगरही समजून घेताहेत. मला हसू आवरेना. हा गृहस्थ मागायला आलाय आणि घरचं सगळं बरं आहे म्हणून सांगतोय!

मग मी उठले. पदर डोळ्याला लावला. सांगितलं की सगळं संपलं हो, एक म्हातारी मादी तेवढी उरलीय. पिल्लं नाहीत, मासे नाहीत. दिवसभर काठावर बसून नवऱ्याची वाट बघते. परशू माझा पदर ओढत होता. मला वाटलं, त्यालाही डोळे पुसायचे असतील.

संस्थेच्या मॅडमनी चष्मा काढला. "अळब्याड्री अक्का," म्हणाल्या, म्हणजे रडू नका. "ऐकून वाईट वाटलं. पण आमचं बळ थोडं. जिथं जनावर तग धरेल तिथंच ते लावायला हवं. एकटी म्हातारी मादी, तिथं आता काय वाचणार? यंदा लांडगेच घेऊ."

माझे डोळे जागच्या जागी वाळले. पाण्याच्या कचेरीत ज्याचे हाल जास्त, त्याचं काम आधी. इथे उलटाच कारभार! हे आधी सांगायला नको का कुणी?

पण मी गप्प बसते होय? म्हटलं, मॅडम, म्हातारी एकटी आहे खरी, पण तिला मुली आहेत. वरच्या अंगाला नांदायला गेल्या होत्या, परवाच परतल्या. सगळ्या लेकुरवाळ्या. पिल्लं तर इतकी, की बायकांना धुणं आपटायला दगड मोकळा मिळत नाही.

मास्तर शांतपणे म्हणाले, "एवढी असतील तर त्यांना धोका कसला?"

झालं. मेली म्हणावं तर उपयोग नाही, जगली म्हणावं तर गरज नाही. मी परशूकडे पाहिलं. तो खाली मान घालून हलकेच म्हणाला, "चल अक्का, घरी जाऊ." आवाजात राग नव्हता. गावानं विश्वासानं ओढा माझ्या ओटीत घातला होता आणि मी तो घालवला. मला खरंखुरं रडू फुटलं, हुंदके देऊन. जन्मात पहिल्यांदा फुकट रडले, आणि मॅडम म्हणाल्या, "साकु अक्का, पुरे आता."

मग त्याच म्हणाल्या, यांच्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, तर आपणच ओढ्यावर जाऊन बघू आणि मग ठरवू. मास्तरांनीही मान डोलावली. बघा, मी सरळ एकच खोटं बोलले असते तर कोण आलं असतं एवढ्या लांब?

रविवारी सगळे जीपनं निघालो. मी ठेवणीतलं इरकल नेसले होते. वाटभर मॅडमना पाणमांजरांची माहिती दिली, ती कशी निजतात, कशी रुसतात, पिल्लांना कशी दटावतात. माहेरची जनावरं, मी नाही सांगणार तर कोण? मॅडम कौतुकानं ऐकत होत्या.

ओढ्याकाठी झुडपाआड सगळे दबून बसलो. थोड्या वेळानं मॅडमनी तोंडावर हात धरला. मास्तर हळूच म्हणाले, "माझे लांडगे वर्षभर दम धरतील. ह्यांना आधी घ्या." मॅडम पुटपुटल्या, पिल्लं आहेत म्हणजे जगतील, आणि वाळूवाले आहेत म्हणजे उशीर करून चालणार नाही. ठरलं, यंदा आमचाच ओढा! परशूनं माझा हात घट्ट दाबला. माझी छाती अशी फुगली की इरकलाच्या निऱ्या सुटायची वेळ आली.

नुसतं बसून कसं चालेल, आपणही काही बोलावं, म्हणून मी मॅडमच्या कानाशी वाकले. माझं कानात बोलणं म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू जातं, ते सोडा. समोर वाळूवर काही ओली काळपट जनावरं लोळत होती, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "मॅडम, ही मुंगसं आधी कुणाला तरी हाकलायला सांगा. नाहीतर आपली पाणमांजरं बाहेर कशी यायची?"