गमबूट घेऊन आलेला पाहुणा

मी कंपनीच्या गेस्ट हाऊसचा मॅनेजर होतो, तेव्हा तिथं स्वयंपाकाला सिल्लोडकडच्या एक मावशी होत्या. प्रत्येक वाक्यानंतर "व्हय का नाय?" विचारायच्या, पण उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. परदेशी पाहुणा असला की भाजीत मिरची घालायच्या नाहीत. "त्यांच्याकडं समदं उकडूनच खातात," हे त्यांचं ठाम मत.

दुष्काळात एक जर्मन इंजिनिअर आला. भारतात सदा धो धो पाऊस, असं समजून गमबूट घेऊन आलेला. रोज शॉवर चालू ठेवून मनसोक्त आंघोळ करायचा. एका सकाळी टाकी कोरडी पडली. मी त्याची माफी मागायला गेलो, तोवर मावशींनी त्याच्या हातात दोन बादल्या देऊन त्याला टँकरच्या रांगेत उभं केलं होतं. आता आपली नोकरी गेली, असंच मला वाटलं.

तासाभराने तो भरलेल्या बादल्या जपून घेऊन आला. दुपारी जेवताना त्याने मावशींच्या ताटातल्या ठेच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी भीतभीतच बोटभर वाढला. त्याचे डोळे पाण्याने भरले, नाक लाल झालं, तरी त्याने पुन्हा ताट पुढं केलं.

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खातंय की, साहेब! मी उगंच इतके दिस मिळमिळीत घातलं त्याला."