तेल लावल्यावरची नव्वद पावलं

भोपाळच्या बाहेर टेकडीच्या उतारावर एक स्पा होता, श्रीमंतांच्या विरंगुळ्यासाठी बांधलेला. मालकांना आता त्याच्याभोवती आरोग्य परिसर उभारायचा होता. फिजिओथेरपी, योगाचं सभागृह, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस राहणाऱ्यांसाठी खोल्या. अट एकच होती, स्पाची इमारत पाडायची नाही. काम आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसला मिळालं आणि सरांनी पहिला आराखडा माझ्याकडे दिला.

सर नागपूरहून बदलून आलेल्या सरकारी नोकराच्या घरातले, इथे भोपाळलाच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले. माझी मुलाखत इंग्रजीत सुरू झाली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यांनी अर्जावरचं माझ्या गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "मराठीत सांग." आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली. त्या दोन शब्दांमुळे मला नोकरी मिळाली असं मी आजही मानते. म्हणूनच त्यांच्यासमोर "माझं चुकलं" म्हणणं मला फार जड जायचं.

स्पामध्ये मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. फोटो पाहून मी आराखडा केला. मध्यभागी स्पा, बाकीच्या इमारती लांब लांब, आणि मधून झाडांच्या कडेने जाणारी उघडी वाट. रुग्णाची मालिश स्पामध्ये, मग व्यायाम फिजिओथेरपीत, आणि मधे नव्वद पावलं. "ही वाटच औषध आहे," सर म्हणाले. सोमवारी मालकांपुढे हेच ठेवायचं ठरलं. मी आईला फोन करून सांगितलं, की सरांनी माझी एक रेघही बदलली नाही. आई काय करते हे मात्र ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर मी म्हणायची, "घरीच असते."

शुक्रवारी जागेवर चुन्याने आखणी करायला गेले. जानेवारी होता, झोंबरं वारं सुटलं होतं. स्पामध्ये मालिश करणारी बाई ऊन खायला बाहेर आली. "क्या बना रहे हो, मैडम?" मी तिला वाट दाखवली. ती चुन्याच्या रेघेवरून चालत टोकाला गेली आणि तिथूनच ओरडली, "इत्ती दूर? तेल लगाके?"

"शॉल देंगे ना," मी म्हणाले.

"शॉल!" ती खो खो हसली. "घुटने का मरीज शॉल संभालेगा कि लाठी?"

मी हसले नाही. माझी आई गावात घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते. लहानपणी मी तिच्यासोबत जायची. तेलाच्या वाटीला हात लावण्याआधी ती खिडकी लावून घ्यायची आणि मला दाराच्या फटीत फडकं कोंबायला सांगायची. न्हाणीपासून खाटेपर्यंत चार पावलं, पण तेवढ्यासाठीही ती बाळंतिणीचे कान घट्ट बांधायची. हे सगळं पाहत मोठी झालेल्या मी तेल लावलेल्या माणसाला उघड्या टेकडीवर नव्वद पावलं चालायला लावलं होतं. स्पा म्हटल्यावर मला ते निराळंच जग वाटलं. त्या जगात मी आईचं काम शिरूच दिलं नाही.

शनिवारी इंद्रपुरीतल्या माझ्या खोलीत मला बसवेना. आराखडा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. गप्प राहिले असते तर सोमवार छान पार पडला असता. वाट बांधली गेली असती आणि कोणी आजारी पडलं असतं तरी माझं नाव निघालं नसतं. हाच विचार मला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळवत होता. "अगं, किती येरझारा!" खालून घरमालकीण काकू ओरडल्या. "फरशी झिजली तर डिपॉझिटमधून कापीन हं!"

रविवारी दुपारपर्यंत मी नवा आराखडा काढला. फिजिओथेरपी स्पाच्या मागच्या भिंतीला आणून लावली, मधे बारा पावलांचा बंद बोळ ठेवला. झाडांची वाट पलीकडे सरकवली, अंघोळ करून कपडे घातलेल्या माणसांसाठी. मग सरांना फोन केला. ते ऑफिसात आले ते घरच्याच चपला घालून.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तिथे मालिश करणाऱ्या ताईंनी."

"आणि मालकांना मी काय सांगू? ताई म्हणाल्या?"

"माझी आईसुद्धा हेच सांगेल, सर." माझे कान तापले. "ती बाळंतिणींना तेल लावते. गावात, लोकांच्या घरी जाऊन."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"तुला लाज वाटली, आणि मी आठवडाभर फोनवर त्या मोकळ्या वाटेचं कौतुक करत बसलो! मालक तिच्यावर फिदा आहेत." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "उद्या तू बोलायचंस. चूक तुझी, तोंडही तुझंच."

सोमवारी मी हिंदीत बोलले. मालकांचं एकच पालुपद, बाग दिसली पाहिजे. तासाभराने त्यांनी फिजिओथेरपी जवळ आणायला होकार दिला. बोळावर छत मंजूर झालं, बाजूच्या भिंती मात्र नामंजूर. "बरंच मिळालं," गाडीत सर म्हणाले. मी मनापासून त्यांचे आभार मानले आणि खिडकीबाहेर बघत बसले. छताने वारं अडत नाही.

मंगळवारी सकाळी मी बोळाच्या दोन्ही बाजूंना काचेची तावदानं रेखाटली, बाग दिसेल आणि वारं अडेल अशी. कागद घेऊन सरांच्या दारात उभी राहिले. ते फोनवर होते. माझ्या हातातला कागद दिसताच त्यांनी फोनवर हात ठेवला.

"आता काय?"

"भिंती, सर."